मित्राच्या होडीतून गरवायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर डिसेंबरात मी पुण्याहून मालवणजवळच्या देवबागला जातो, शाळेतल्या मित्राकडे, गळाने मासे धरायला. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी, असं ते गाव. मित्राची अठरा फुटी फायबरची होडी आहे, मागे छोटं आउटबोर्ड मशीन. मी पाहुणा, तो तांडेल, म्हणजे होडी चालवणारा. परत आलो की ऑफिसात, सोसायटीत आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर तेच ते प्रश्न सुरू होतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. माझा अनुभव मालवणच्या आसपासचा आहे, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

१. गरवायला जायचं म्हणजे नक्की काय करायचं?

गरी म्हणजे गळ. गरी टाकून मासे धरणं म्हणजे गरवणं. जाळं नाही, रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) नाही. किनाऱ्यापासून एक-दोन सागरी मैलांवर (एक सागरी मैल म्हणजे १.८५ किलोमीटर) खडपाच्या, म्हणजे पाण्यातल्या खडकांच्या, कडेला होडी नांगरायची, तंगूस (गरी बांधलेला नायलॉनचा दोरा) पाण्यात सोडायचा आणि बसायचं. तीन तासांत चार बांगडे मिळाले तर चांगला दिवस. एकही मिळाला नाही तर तोही नेहमीचाच दिवस. पोटापाण्यासाठी मासेमारी करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या कष्टाशी आपल्या हौसेची तुलना करू नये.

२. मला पोहता येत नाही. तरी जाऊ का?

जा, पण लाइफ जॅकेट घालून. होडीत चढण्याआधी घालायचं आणि उतरल्यावर काढायचं, उशाखाली ठेवायचं नाही. पोहता येणाऱ्यांनाही हेच लागू. तरणतलावात वीस फेऱ्या मारणारा माणूस कपड्यांसकट, लाटांत, घाबरलेला असताना किती पोहेल ते सांगता येत नाही. मुलांसाठी त्यांच्या वजनाचं जॅकेट हवं. मोठ्यांचं जॅकेट मुलाला घातलं तर मूल त्यातून खाली सरकतं. होडीत तेवढी जॅकेटं नसतील तर तेवढी माणसं न्यायची नाहीत.

३. कोणत्या महिन्यात जावं?

डिसेंबर ते फेब्रुवारी. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की मोसम सुरू होतो खरा, पण हौशी पाहुण्यासाठी तेव्हाचा समुद्र अजून ढवळलेला असतो. दिवाळी आणि मे या दोन्ही मोठ्या सुट्ट्या नेमक्या अरबी समुद्रातल्या वादळांच्या काळात येतात. क्यार वादळ ऑक्टोबर २०१९ मध्ये ऐन दिवाळीत आलं, तौक्ते मे २०२१ मध्ये. त्यामुळे या सुट्ट्यांत हवामान खात्याचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा अंदाज, दोन्ही पाहूनच ठरवा. जून-जुलैबद्दल प्रश्न १५ पाहा.

४. दिवसा किती वाजता निघायचं?

उजाडताना. हिवाळ्यात पहाटे मतलई वारा असतो, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा. पाणी तेव्हा तेल ओतल्यासारखं सपाट दिसतं. जमीन तापली की वारा फिरतो आणि दुपारकडे खारा वारा सुरू होतो. त्या वाऱ्याने उठणाऱ्या आखूड, उभ्या लाटा अठरा फुटी होडीला थपडा मारतात. आम्ही साडेदहाला नांगर उचलतो, मासे लागत असले तरी.

मतलईचीही एक खोड आहे. तो पाठीमागून ढकलत असतो, म्हणून जाताना मशीनला काही कष्टच जाणवत नाहीत. मशीन बंद पडलं तर तोच वारा होडीला पश्चिमेकडे नेत राहतो. त्यासाठी प्रश्न १३.

५. भरती-ओहोटीचं गणित कसं करायचं?

कोकणात दिवसाला साधारण दोन भरत्या आणि दोन ओहोट्या. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत जवळपास साडेबारा तास जातात, म्हणून रोजची वेळ पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. जुन्या लोकांचा हिशेब तिथीवर चालतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, दुपारी आणि पहाटेही. हा अंदाज झाला. मिनिटं हवी असतील तर भरतीचं छापील वेळापत्रक किंवा ॲप पाहा.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी सर्वांत जास्त चढतं-उतरतं; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वांत कमी. उधाणाला मुंबईत पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं, मालवणकडे त्याच्या निम्म्याच्या घरात. गरवायला उधाण आणि भांग यांच्या मधले दिवस बरे. उधाणाला ओढ इतकी असते की शिसं तळाला टिकत नाही, आणि ऐन भांगात पाणी हलत नाही म्हणून मासाही हलत नाही. दिवसातही तसंच: पाणी वाहतं असताना मासा तोंड लावतो, पाणी थबकलं की डबा उघडून पोहे खावेत.

६. रॉड घेऊ का? ऑनलाइन पाच हजारांचा सेट दिसतोय.

पहिल्या वर्षी नको. छोट्या होडीत तीन माणसं आणि दोन रॉड झाले की गरी कोणाच्या तरी कानात अडकते. मित्राकडे लाकडी फळीला गुंडाळलेला तंगूस असतो, खाली शिसं, त्याच्या वर दोन गऱ्या. तेवढं पुरतं. सुरमईसाठी गरीच्या वर वीतभर बारीक तार लागते, नाहीतर तिचे दात तंगूस कापतात.

बोटांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घाला. ओला तंगूस पळायला लागला की पात्यासारखा कापतो. आणि तो हाताला कधीही गुंडाळून धरू नका.

७. आमिष काय लावायचं?

ताजी कोळंबी, तारलीचा तुकडा किंवा म्हाकूल (स्क्विड). कोळंबीला मासा लवकर येतो आणि लवकर चोरूनही नेतो. म्हाकुलाची पट्टी चिवट असते, बारीक माशांनी टोचलं तरी गरीवर टिकते. नवख्याने म्हाकूलच लावावं. फ्रीझरमधली दोन महिन्यांपूर्वीची कोळंबी पुण्याहून आणू नका. मी आणली होती. मित्राच्या आईने ती हुंगून मांजरापुढे ठेवली, मांजरानेही विचार केला.

८. मासा लागला हे कळतं कसं? आणि मग काय करायचं?

तंगूस तर्जनीवर ठेवायचा. तळाला शिसं टेकलं की एक बारीक ठोका जाणवतो. मग हातभर वर घ्यायचं आणि थांबायचं. बारीक मासे टुकटुक करतात, जसं कोणी नखाने दार वाजवावं. तिकडे लक्ष देऊ नका. बांगडा थेट ओढतो आणि थरथरतो. तांबोशी एकदा जोरात खाली खेचते आणि खडपाकडे वळते. तिला पहिल्या दोन वावांतच वर उचलली नाही तर ती कपारीत शिरते आणि गरीसकट तुमचा निरोप घेते. (वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरचं अंतर, साधारण सहा फूट. खोली इथे वावांतच सांगतात.)

मोठा मासा लागला तर उलट करायचं. गेल्या वर्षी माझ्या हाताला एकदम वजन आलं, फळी पायात गडगडली आणि मी दोन्ही हातांनी खेचायला लागलो. मित्राने मागून नुसतं म्हटलं, ''खेचू नको, जाव दे तेका.'' मी बोटं सैल केली. तंगूस सूं सूं करत गेला, थांबला, तेव्हा चार हात परत मिळवला, पुन्हा गेला. असं तीनदा झालं. शेवटी होडीच्या कडेला पाण्याखाली एक निळसर चकाकी वळली आणि मित्राने हातजाळीने सुरमई आत घेतली. जोर लावून उभा राहिलो असतो तर तंगूस तुटला असता किंवा मी पाण्यात गेलो असतो. होडीत उभं राहायचं नाही, मासा कितीही मोठा असो.

९. मला बोट लागते. काही उपाय?

होडी चालू असताना फारशी लागत नाही, नांगरून डुलायला लागली की लागते. क्षितिजाकडे किंवा किनाऱ्यावरच्या माडांकडे पाहत बसा, मोबाइलमध्ये मान घालू नका. मशीनजवळ बसू नका, पेट्रोलचा वास बाकीचं काम करतो. रिकाम्या पोटी जाऊ नका, तुडुंब खाऊनही नको. ॲव्होमिनसारखी गोळी घ्यायची तर निघण्याच्या तासभर आधी, डॉक्टरांना विचारून. तिने झोप येते. उलटी झालीच तर वारा येतो त्या बाजूला तोंड करून करू नका. हे ज्यांना कळलं नाही त्यांच्या शेजारी मी बसलो आहे.

१०. कुठल्या माशांना हात लावायचा नाही?

तीन नावं पाठ करा. पहिला शिंगाळा, म्हणजे शेंगटी. याच्या पाठीवर आणि दोन्ही कल्ल्यांजवळ काटे असतात आणि ते विषारी असतात. गरी काढण्याच्या घाईत लोक नेमके तिथेच धरतात. दुसरं पाकट (स्टिंगरे), त्याचा काटा शेपटीवर. दोन्हींचा काटा टोचला तर जखम धुऊन, सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. उष्णतेने ते विष निकामी होतं आणि ठणका उतरतो. पाण्याची उष्णता दुसऱ्या, न दुखणाऱ्या हाताने तपासा, नाहीतर वर भाजायचं. काटा आत मोडला असेल, किंवा छाती-पोटात घुसला असेल, तर तो उपटू नका, सरळ दवाखाना गाठा.

तिसरा केंड. वर काढला की फुगून चेंडू होतो, मुलं हसतात, फोटो निघतात. त्याचं विष अंगात असतं आणि शिजवूनही जात नाही. तंगूस कापून सोडून द्या. ''आमच्याकडे साफ करून खातात'' असं कोणी सांगितलं तर त्याच्याकडे जेवायला जाऊ नका.

११. केवढा मासा ठेवायचा, केवढा सोडायचा?

राज्य शासनाने अनेक जातींसाठी किमान लांबी ठरवली आहे. सुरमईसाठी ती ३७० मिलिमीटर आहे, पापलेटसाठी १३५. होडीच्या आतल्या कडेला मित्राने रंगाने खुणा केल्या आहेत, मासा तिथे धरला की वाद संपतो. सोडायचा मासा ओल्या हाताने धरा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडूनही उपयोग होत नाही.

१२. नांगर खडपात अडकला तर?

याचं उत्तर मी दोर गमावून शिकलो. सुट्टीचा शेवटचा दिवस होता, जानेवारीचा पहिला आठवडा. रात्री बस होती. मित्र म्हणत होता, उशीर झाला, आज राहू दे. मी म्हटलं, तासभर जाऊन येऊ. साडेदहाला, म्हणजे एरवी परत फिरतो त्या वेळेला, आम्ही निघालो. पाच वाव पाण्यात नांगर टाकला. बाराच्या आत वारा फिरला. नांगर काढायला गेलो तर तो जागचा हलेना.

मी मागच्या बाजूने दोर ओढायला लागलो. तीच चूक. मागे मशीनचं वजन, त्यात माझं वजन, आणि दोर ताणला तशी मागची कड खाली गेली. एक लाट सरळ आत आली. डबा, आमिष, चपला सगळं पाण्यावर तरंगायला लागलं. मित्राने मला पुढे ढकललं, कमरेचा सुरा काढला आणि दोर कापला. परत येईपर्यंत मी डब्याने पाणी उपसत होतो. तो काही बोलला नाही. नवा नांगर आणि दोर मी घेऊन दिला, ते त्याने मुकाट्याने ठेवून घेतलं.

तर: नांगर नेहमी पुढच्या टोकाला, नाळेकडे बांधायचा, मागे कधीच नाही. खोलीच्या निदान पाचपट दोर जवळ हवा. खडपावर नांगरताना दोर नांगराच्या खालच्या टोकाला बांधून वरच्या कडीला फक्त सुतळीने अडकवतात. अडकला की जोर लावायचा, सुतळी तुटते आणि नांगर उलट्या बाजूने सुटतो. तरीही सुटला नाही तर दोराला रिकामा कॅन बांधून सोडून द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शांत पाण्यात येऊन काढा. सुरा मात्र हाताशी हवा, डब्याच्या तळाशी नव्हे.

१३. मशीन बंद पडलं किंवा होडी उलटली तर?

मशीन बंद पडलं तर आधी नांगर टाका. मग दुरुस्तीची खटपट. नांगर तळाला लागला की होडी निदान दूर जात नाही. दोन वल्ही होडीत असलीच पाहिजेत. तटरक्षक दलाचा शोध-बचाव क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. फोन प्लास्टिकच्या बंद पिशवीत, पूर्ण चार्ज करून. रेंज कुठवर मिळते हे मित्राला माहीत असतं.

उलटली तर होडीला धरून राहा. किनारा दिसतोय म्हणून पोहत निघू नका. पाण्यातून तो जवळ वाटतो, आणि उलटी होडी शोधणाऱ्यांना माणसाच्या डोक्यापेक्षा लवकर दिसते.

निघताना घरी सांगून जा: कुठल्या दिशेला, किती वाजता परत. आमच्याकडे मित्राची आई बाराला पडवीतून समुद्राकडे बघते. साडेबारापर्यंत दिसलो नाही तर ती शेजारच्या होडीवाल्यांना सांगते.

१४. परवाना, कागदपत्रं काही लागतात?

होडी नोंदणीकृत असली पाहिजे आणि तिचा क्रमांक अंगावर रंगवलेला हवा. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर समुद्रात तपासणी वाढली आहे, म्हणून आधार कार्ड जवळ ठेवा. मित्रासोबत जाणं एक. पैसे घेऊन पर्यटक नेणं पूर्ण वेगळं, त्यासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी लागते. तुम्ही मित्राला भाडं द्यायला लागलात तर त्यालाच अडचणीत आणाल. मग त्याला द्यायचं काय, हे प्रश्न १८ मध्ये.

१५. पावसाळ्यात बंदी असते ना? पण वल्ह्याच्या होडीला सूट आहे म्हणतात.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस, यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ असतो तो. त्या वर्षीच्या आदेशात तारखा पाहून घ्या. बिगर-यांत्रिक पारंपरिक होड्यांना सूट असते हे खरं, पण मशीन लावलेली होडी 'मशीन बंद ठेवू' म्हटल्याने बिगर-यांत्रिक होत नाही. आणि ही सूट ज्याचं पोट त्यावर आहे त्याच्यासाठी आहे. जुलैत समुद्र बघायला जा, किनाऱ्यावरून. खाडीच्या आतल्या बाजूला काठावर बसून गळ टाकता येतो.

१६. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ गळ टाकता येतो का? आणि गरीला कासव लागलं तर?

किल्ला आणि पद्मगडाचा परिसर मालवण सागरी अभयारण्यात येतो. १३ एप्रिल १९८७ ला ते जाहीर झालं, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला ३.१८ चौरस किलोमीटर गाभा. त्या वेळेपासून स्थानिक मच्छीमारांच्या हक्कांवरून वाद आहे, आणि तो त्यांचा प्रश्न आहे. सुट्टीवर आलेल्या हौशी माणसाला तिथे गळ टाकण्याचं काहीच कारण नाही. किनारा लांब आहे.

समुद्री कासवं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. गरीला लागलं तर ओढून वर उचलू नका, गरी उपटू नका. हळूच होडीजवळ आणा आणि तंगूस गरीच्या शक्य तितक्या जवळ कापा. गरी खोल गिळली असेल किंवा कासव थकलेलं दिसलं तर वन विभागाला कळवा.

१७. वारा नाही, पाणी काचेसारखं, तरी मित्र 'आज नको' म्हणतो. भित्रा आहे का?

हा प्रश्न दर वर्षी येतो, आणि विचारणारा नेहमी सुट्टीच्या शेवटच्या दिवशी असतो.

वारा इथे नसला तरी लाट दुसरीकडून येते. दक्षिण हिंदी महासागरात हजारो किलोमीटरवर वादळ झालं की त्याच्या लांब लाटा काही दिवसांनी आपल्या किनाऱ्याला पोचतात. खोल पाण्यात त्या जाणवतही नाहीत, होडी नुसती हळू वर-खाली होते. उथळात मात्र त्या उभ्या राहतात. एप्रिल-मे महिन्यांत हे जास्त, इन्कॉइस त्याचा वेगळा इशारा देते. देवबागला खाडीच्या मुखाशी वाळूचा बांध आहे. ओहोटीचं पाणी बाहेर पडत असताना अशी लाट आत आली की तिथे पाणी अक्षरशः उभं राहतं आणि फुटतं. जाताना भरती होती म्हणून सहज गेलात, येताना ओहोटी लागली, तर तीच वाट बंद.

मित्र पहाटे चूळ भरत किनाऱ्यावर उभा राहतो तेव्हा मला वाटायचं झोप उडवतोय. तो लाटा मोजत असतो. दोन मोठ्या लाटांमध्ये किती वेळ जातो, मोठ्या किती एकामागून येतात. त्याचा चेहरा बघून मी आता डबा परत घरात ठेवतो. त्याला पटवायचं कसं, असंही विचारतात. पटवायचं नाही. तुमच्या आग्रहाला नाही म्हणणं त्याला जड जातं, कारण तुम्ही पाहुणे आहात आणि वर्षातून एकदा येता. तो संकोचाने हो म्हणाला तर काय होतं ते प्रश्न १२ मध्ये आहे.

१८. मित्राला पैसे द्यायचे का?

भाडं म्हणून नाही. पण सकाळभराचं पेट्रोल, बर्फ आणि हरवलेल्या गऱ्या यांचा खर्च असतो. मी आदल्या संध्याकाळी स्वतः जाऊन कॅन भरून आणतो, मग 'अरे कशाला' होत नाही. मासे मित्राच्या घरी जातात, वाटणी त्याची आई करते. पुण्याहून बाकरवडी न्या, ती स्वीकारली जाते.

१९. होडीत बिअर चालेल का?

नाही.

२०. धरलेले मासे पुण्यापर्यंत नेता येतील का?

येतील, जर होडीतच बर्फ असेल तर. बांगडा, सुरमई, कुपा (ट्यूना) हे मासे उन्हात पडून राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. वासाने ते नेहमी कळत नाही आणि तळून-उकडूनही जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं, आणि माणूस समजतो आपल्याला माशाची ॲलर्जी आहे. म्हणून मासा आत आला की लगेच बर्फात. नुसत्या खड्यांपेक्षा बर्फ आणि समुद्राचं थोडं पाणी एकत्र केलं की मासा सगळीकडून गार होतो.

घरी आल्यावर आतडी आणि कल्ले काढा, धुवा, थर्माकोलच्या खोक्यात खाली बर्फ, वर मासे, वर पुन्हा बर्फ. खोक्याला खाली भोक पाडून पाणी गळू द्या. बसमध्ये नेताना खोकं बादलीत ठेवा, नाहीतर कंडक्टर वाटेत उतरवेल. मी आता नेतच नाही. मित्राच्या आईच्या चुलीवर तिरफळं घालून केलेलं बांगड्याचं तिखलं दुपारी दोनला ताटात येतं, आणि बस रात्री असते.